शिकागो ते कलकत्ता, व्हाया भुसावळ

मुंबईहून कलकत्त्याला आगगाडीने थेट जायच्या दोन मोठ्या वाटा. एक नागपूरवरून, दुसरी इटारसी-जबलपूर-अलाहाबादवरून. दोन्ही भुसावळला फुटतात. तिथपर्यंत रस्ता एकच: कल्याण, इगतपुरीचा घाट, मनमाड, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव. १८७० साली हा मार्ग कलकत्त्यापर्यंत जोडला गेला आणि तेव्हापासून या दोन शहरांमध्ये जे काही ये-जा करत राहिलं ते खान्देशच्या काळ्या जमिनीवरून करत राहिलं. कापसाच्या गाठी, पलटणी, नाटक कंपन्यांचे पडदे, पुढारी, गोरे साहेब, सिनेमाच्या रिळांचे डबे. आणि १९३५ नंतरची दहा-बारा वर्षं जॅझ वाजवणारी माणसंही. त्यांच्या धंद्याची दोन टोकं म्हणजे मुंबईचं ताजमहाल हॉटेल आणि कलकत्त्याचं ग्रँड हॉटेल.

या वादकांत सगळ्यात मोठा म्हणावा असा एक पियानोवादक होता, टेडी वेदरफोर्ड. अमेरिकन, कृष्णवर्णीय, अंगाने धिप्पाड. आयुष्यातली शेवटची वर्षं त्याने बहुतेक करून हिंदुस्थानात काढली आणि इथेच तो गेला. खान्देशच्या कुठल्याही इतिहासात त्याचं नाव नाही, आणि असण्याचं कारणही नाही. तरीही धुळे-जळगावच्या लग्नांत आजवर जे वाजत आलं आहे, त्याचा आणि या माणसाच्या डाव्या हाताचा संबंध आहे, असं मला ठामपणे वाटतं. तो संबंध कसा, ते सांगायचं तर सुरुवात फार लांबून करावी लागते.

वेदरफोर्डचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ चा, व्हर्जिनियातल्या पोकाहोंटास या कोळशाच्या खाणीच्या गावचा. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १६ डिसेंबर १९०३ ला, मुंबईत जमशेटजी टाटांचं ताज सुरू झालं. पोर बारा वर्षांचं असताना न्यू ऑर्लीन्सला गेलं आणि तिथे पियानो शिकलं. जॅझ जिथे जन्मलं त्याच शहरात, आणि ते ताजं असतानाच. १९२० नंतर तो शिकागोत आला. दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय तेव्हा उत्तरेच्या कारखानदार शहरांकडे सरकत होते आणि त्यांच्यामागोमाग त्यांचं संगीतही.

शिकागोत त्याला काम मिळालं ते व्हेंडोम थिएटरमध्ये, अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात. व्हेंडोम हे सिनेमागृह होतं. सिनेमा मुका होता, त्यामुळे पडद्यापुढे बसून वाजवणारे लागत. आपल्याकडेही फाळक्यांच्या काळापासून हेच चाललं होतं. पडद्याच्या पायथ्याशी पेटी आणि तबला, आणि प्रसंग बदलला की चाल बदलायची. पडद्यावर पाठलाग सुरू झाला की लय वाढवायची, कुणी मेलं की विलंबितात यायचं, आणि हे सगळं मान वर करून पडद्याकडे बघत बघत. ही खरी साथसंगतीची शाळा. समोरच्या गोष्टीला आपला हात बांधून ठेवायचा आणि तरीही आपलं काही म्हणणं त्यातून ऐकू आलं पाहिजे.

व्हेंडोमच्या त्याच वाद्यवृंदात एक तरुण ट्रम्पेटवादक होता, लुई आर्मस्ट्राँग. टेटच्या वाद्यवृंदाने १९२६ मध्ये रेकॉर्ड केलेल्या दोन बाजू आज उपलब्ध आहेत, त्यांत ट्रम्पेट आर्मस्ट्राँगचा आणि पियानो वेदरफोर्डचा. तीन-तीन मिनिटांचं ते वादन. मधेच वाद्यवृंद थांबतो आणि पियानो एकटा पुढे येतो, तेव्हा ऐकणारा सावरून बसतो.

त्या काळच्या या पियानोवादनाची सगळी मदार डाव्या हातावर. चार मात्रांचा ठेका धरा, आपल्या केरव्यासारखा मोजा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला डावा हात अगदी खाली जाऊन खर्जातला एक स्वर मारतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तोच हात उडी मारून पियानोच्या मध्यावर येतो आणि तीन-चार स्वर एकदम दाबतो. खाली, वर, खाली, वर. हाताची ही फेक दीड-दोन फुटांची, आणि गाणं द्रुत असलं तर मिनिटाला शे-दोनशे वेळा, पट्ट्यांकडे न बघता. म्हणजे एकटा डावा हात खर्ज देणारा, ठेका देणारा आणि सूर भरणारा अशी तिघांची कामं करतो, तेव्हा कुठे उजव्या हाताला चाल घेऊन हिंडायला मोकळीक मिळते. वेदरफोर्डचा पंजा मोठा होता. त्याला शांघायमध्ये भेटलेल्या कवी लँग्स्टन ह्यूज यांनी आपल्या आत्मचरित्रात त्याच्याबद्दल लिहिलं आहे.

मराठी कानाला या साथीचं वेगळेपण कळायला आपली साथ आठवावी. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे पुढचे बालगंधर्व, यांनी गाण्याचे पहिले धडे जळगावात घेतले, मेहबूबखाँ यांच्याकडे. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे ते उगीच नाही. पुढे त्यांच्या नाटकांना जी साथ असे तिची नावं आजही आदराने घेतली जातात: तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारून दोन्ही हातांनी वाजवायचं विलायती वाद्य. पण मराठी रंगभूमीने त्याला आपल्या पद्धतीने वाजवलं. वादक गायकाच्या मागून जातो, त्याने घेतलेली जागा अर्ध्या मात्रेच्या अंतराने उचलतो, त्याने श्वास घेतला की सूर धरून ठेवतो. मूळ धागा एकच, गायकाच्या चालीचा.

जॅझच्या पियानोवाल्याचं काम दुसरं. तो चालीच्या मागून जात नाही. गायक जिथे पाऊल टाकणार तिथे तो आधीच सतरंजी अंथरून ठेवतो. ती सतरंजी म्हणजे एकाच वेळी दाबलेल्या स्वरांची जुळणी, कॉर्ड. गायकाचा ‘ग’ तोच राहतो, पण खालची जुळणी बदलली की त्या ‘ग’चा भाव बदलतो. हे आपल्या रागसंगीतात नाही, त्याची तिथे गरजही नाही. पण ज्याला सिनेसंगीत म्हणून पुढे सगळा देश ओळखणार होता, त्याच्या मुळाशी याच दोन साथींची भेट आहे. गंमत बघा, त्या भेटीच्या उंबऱ्यावर उभा असलेला पहिला मोठा मराठी माणूसही साथीदारच. भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ करणारे गोविंदराव टेंबे १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’चे नायकही होते आणि संगीतकारही.

बोलपटाने मात्र पडद्यापुढच्या साथीदारांचा धंदा बुडवला, शिकागोत तसा आपल्याकडे. वेदरफोर्डला ती झळ लागली नाही, कारण तो आधीच निघून गेला होता. १९२६ मध्ये जॅक कार्टर या ड्रमवादकाच्या बँडबरोबर त्याने शांघायची बोट पकडली. दोन वर्षांनी आर्मस्ट्राँगने शिकागोत ज्या रेकॉर्ड्स केल्या आणि ज्यांनी जॅझचा इतिहास बदलला, त्यांच्यावर पियानो अर्ल हाइन्सचा आहे. हाइन्स वेदरफोर्डच्याच वयाचा, त्याच शहरात वाजवणारा, त्याच घडणीचा. एक जण थांबला आणि पुस्तकांत गेला. दुसरा निघाला आणि पुस्तकांच्या तळटिपांत राहिला.

का निघाला असेल? त्याच्या देशात त्याला मागच्या दाराने आत यावं लागे. ज्या हॉटेलात वाजवायचं तिथे जेवता येत नसे. शांघायमध्ये तो शहराचा लाडका होता. बक क्लेटन हा ट्रम्पेटवादक, जो पुढे काउंट बेसीच्या बँडमध्ये नावारूपाला आला, त्याला १९३४ मध्ये अख्ख्या बँडसकट कॅलिफोर्नियातून शांघायला आणलं ते वेदरफोर्डनेच. क्लेटनच्या आठवणींत येतं की हा गृहस्थ एका रात्रीत चार-चार क्लबांत पियानो वाजवायचा, एकीकडून उठून दुसरीकडे.

मुंबईत जॅझचा खरा प्रवेश १९३५ च्या हिवाळ्यातला. लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाने आपला सगळा कृष्णवर्णीय बँड ताजमध्ये आणला. त्याआधीही मुंबईत विलायती नाचाचं संगीत होतं, केन मॅकसारख्यांचे बँड होते, पण ज्यांच्या घरचं हे संगीत, ती माणसं प्रथमच आली होती. त्यांच्यात क्रिकेट स्मिथ नावाचा जुनाजाणता कॉर्नेटवादक होता. पहिल्या महायुद्धाच्या आधी, जॅझ हे नाव रूढ होण्यापूर्वी, न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्डवर वाजवलेला. ॲबीनंतर स्मिथने स्वतःचा बँड उभा केला आणि त्यासाठी १९३६ मध्ये वेदरफोर्ड मुंबईला आला. स्मिथच्या बँडने इथे रेकॉर्ड केलेला एक फॉक्सट्रॉट ताजच्याच नावाचा, चाल मुंबईतल्या बगदादी ज्यू समाजातल्या मेना सायलस यांची. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवर लिहिलेल्या पुस्तकाला त्याच गाण्याचं नाव दिलं आहे. या सगळ्या काळाचा धांडोळा घेणारं तेवढं चांगलं पुस्तक दुसरं नाही, आणि त्याचं मराठी भाषांतर व्हायला हवं.

ताजच्या त्या दालनात कोण बसायचं? संस्थानिक, गोरे अधिकारी, पारशी घराणी, कापसाचे व्यापारी. कापूस म्हटला की खान्देश आलाच. मूळजी जेठांनी जळगावात गिरणी काढली ती इथल्या कापसाच्या भरवशावर. मुंबईतलं कापडाचं मोठं मार्केटही त्यांच्याच नावाचं. जळगाव, अमळनेर, धुळे, नंदुरबारच्या जिनांतून गाठी बांधल्या जात आणि मुंबईला उतरत. त्या पैशाचा प्रवाह शेवटी कुठे कुठे झिरपला याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण ज्या मुंबईला अमेरिकन बँड परवडत होता, ती मुंबई आपल्या शेतकऱ्याच्या पाठीवर उभी होती, हे विसरून त्या काळाचं कौतुक करता येत नाही.

त्याच १९३६ च्या डिसेंबरात पूर्व खान्देशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मांडव नंदलाल बोसांच्या कल्पनेतला, बांबू आणि चटयांचा. त्यासाठी साने गुरुजींनी गावोगाव पायपीट केली. शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. पुढच्या वर्षी निवडणुका होऊन मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, आणि १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी जाहीर झाली. महायुद्ध लागलं, मंत्रिमंडळ गेलं आणि ती बंदी तेव्हा फार टिकली नाही. पण धोरण ठरलं होतं. १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला, १९५० पासून ती बंदी राज्यभर कडक लागू झाली, आणि हॉटेलांतल्या बँडांची रोजीरोटी आटली. फैजपूरच्या मांडवात बसलेल्या कुणाच्या मनातही जॅझ नव्हतं. तरी त्या मांडवातून सुरू झालेल्या राजकारणाने जॅझवाल्यांना हॉटेलातून उठवून सिनेमाच्या स्टुडिओकडे ढकललं, आणि त्यामुळेच ते संगीत खान्देशात पोचलं. इतिहासाच्या कामगिरीतला हा भाग मला फार मोलाचा वाटतो.

पण वेदरफोर्डचं अजून संपलेलं नाही. १९३७ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे त्याने एकट्याच्या पियानोच्या काही बाजू ‘स्विंग’ कंपनीसाठी रेकॉर्ड केल्या. त्याचा हात निर्भेळ ऐकायचा तर याच. परतून त्याने ताजमध्ये स्वतःचा बँड चालवला.

या वर्षांत मुंबईतले तरुण वादक त्याला आणि त्याच्या साथीदारांना ऐकत होते, आणि त्यांत गोव्याचे सगळ्यात जास्त. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच व्हायोलिन आणि नोटेशन शिकवत, त्यामुळे कागद पुढे ठेवला की वाजवणार. अडचण होती ती कागदावर न लिहिलेल्याची. स्वर किंचित मागे ओढायचा कुठे, ठेक्याच्या आत राहून ठेक्याशी लडिवाळपणा करायचा कसा, मधली आठ मापं मोकळी सोडली तर त्यांत आपलं काय म्हणायचं. हे शिकायला माणूस समोर वाजवताना दिसावा लागतो. आपल्याकडे गंडा बांधून जे मिळवतात ते या मुलांनी बँडस्टँडच्या बाजूला उभं राहून मिळवलं. १९३९ पासून ताजमध्ये मिकी कोरिया यांचा बँड आला आणि दोन दशकं राहिला. आल्दोनाचा आंतोनियो शावियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवू लागला आणि लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

महायुद्धात वेदरफोर्ड कलकत्त्याला स्थिरावला. चौरंगीवरच्या ग्रँड हॉटेलात त्याचा बँड, आणि त्या बँडमध्ये जगभरची माणसं. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतल्यावर तिथून निसटून आलेले वादक त्याच्याकडे आले. क्लॅरिनेट वाजवणारा रूबेन सॉलोमन, गिटारवाला सेड्रिक वेस्ट. अमेरिकेच्या व्यापारी जहाजावरचा एक तरुण खलाशी त्याच्याबरोबर गायला उभा राहिला, जिमी विदरस्पून. पुढे तो ब्लूजचा मोठा गायक झाला, आणि त्याचा आवाज रेडिओवरून प्रथम गेला तो कलकत्त्यातून, वेदरफोर्डच्या साथीवर. हाच तो काळ, जेव्हा आपल्या रेडिओने पेटीवर बंदी घातली होती. १९४० मध्ये लागलेल्या त्या बंदीने पेटीवाल्या साथीदारांची एक पिढी रेडिओबाहेर बसली.

१९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात चौरंगीच्या फुटपाथवर माणसं मरून पडत होती. आत वाद्यवृंद वाजत होता. वेदरफोर्डला याचं काय वाटलं असेल हे सांगायला त्याचं स्वतःचं लिहिलेलं काही हाताशी नाही, म्हणून त्याच्या मनात डोकावण्याचा आव मी आणत नाही. दुष्काळापाठोपाठ रोगराई राहिली. २५ एप्रिल १९४५ ला टेडी वेदरफोर्ड कलकत्त्यात पटकीने गेला. वय एक्केचाळीस. महायुद्ध संपायला चार महिने राहिले होते. तो परत अमेरिकेला गेला असता तर हाइन्ससारखं त्याचंही नाव झालं असतं का, असा प्रश्न जॅझचे अभ्यासक विचारतात. मला वाटतं, एवढ्या शहरांतल्या एवढ्या वादकांच्या हातात आपला ठेका सोडून जाणं हे नावापेक्षा कमी नाही.

आता स्टुडिओ. १९४५ नंतर हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद फुगत गेले. संगीत दिग्दर्शकाच्या डोक्यात चाल असे. तिचं नोटेशन काढायचं, प्रत्येक वाद्याचा पार्ट लिहायचा, कडव्यांमधले पीस बसवायचे, गायकाच्या मागे काउंटर, म्हणजे जोडीची दुसरी धून, घालायचा, हे काम अरेंजर करी. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतली मोठी नावं, तिघेही गोव्याचे. श्रेयनामावलीत ते क्वचितच दिसत, किंवा ‘सहाय्यक’ म्हणून. साथीदाराच्या वाट्याला येणारा हा विसर दोन्ही संगीतपरंपरांत सारखाच, आणि तो मला सलत आला आहे.

मराठी माणूस या धाग्यात येतो तो रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र. पुणतांब्याचा जन्म, म्हणजे मनमाड-दौंड फाट्यावरचा. शास्त्रीय गाणं शिकलेले सी. रामचंद्र जॅझच्या प्रेमात पडले आणि त्यांनी चिक चॉकलेटला सहाय्यक घेतलं. दुसरे नट-दिग्दर्शक भगवान आबाजी पालव, अमरावतीचा जन्म, मुंबईच्या गिरणगावात वाढलेले. या दोघांचा १९५१ चा चित्रपट ‘अलबेला’. त्यातल्या एका नाचगाण्यात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावर दिसतो. त्या गाण्यांत डोलायला जो झोका आहे तो तबल्याचा नाही आणि ढोलकीचाही नाही. खाली खर्ज, वर जुळणी, खाली, वर. शिकागोच्या मुक्या सिनेमाच्या खड्ड्यात बसून जो हात हे करत होता, त्या हाताची ओळख इथे पटते.

रिळं खान्देशात यायची ती भुसावळहून. चित्रपट वितरणाच्या नकाशात ‘सी. पी. बेरार सर्किट’ म्हणून जो भाग ओळखला जातो, त्याच्या वितरकांच्या कचेऱ्या भुसावळला आणि अमरावतीला असत. कारण पुन्हा रेल्वेच. पत्र्याच्या गोल डब्यांतली रिळं पॅसेंजरच्या ब्रेकव्हॅनमधून जळगावला, चाळीसगावला उतरायची. चाळीसगावहून १९०० सालच्या फाट्यावरची गाडी धुळ्याला न्यायची. यात्रा भरली की तंबूतले टॉकीज. भुसावळात हे संगीत तसं थोडं आधीच आलेलं होतं. रेल्वेच्या मोठ्या वसाहतींत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांची वस्ती असे आणि नाताळात इन्स्टिट्यूटमध्ये नाच होत. पण तो आवाज कॉलनीच्या कुंपणाबाहेर फारसा जात नव्हता. कुंपण ओलांडलं ते सिनेमाने, आणि सिनेमाहून जास्त लग्नाच्या बँडने.

माझं मुख्य म्हणणं इथे आहे. न्यू ऑर्लीन्सच्या पियानोवाल्यांनी डाव्या हाताची ती फेक कुठून घेतली? लष्करी धर्तीच्या पितळी बँडातून. मिरवणुकीत चालताना जाडा पितळी बाजा पहिल्या मात्रेला खर्ज देतो, मधली पितळी वाद्यं आणि ड्रम दुसऱ्या मात्रेला उत्तर देतात. सगळा बँड एका माणसाला परवडणाऱ्या वाद्यावर बसवायचा म्हणून जॅझच्या आधीच्या रॅगटाइम संगीतातल्या पियानोवाल्यांनी ते काम डाव्या हातावर घेतलं. त्याच जातीचा पितळी बँड इंग्रजांच्या पलटणींबरोबर हिंदुस्थानात आला. छावण्यांतून तो संस्थानांत गेला, संस्थानांतून शहरांत, आणि झालर लावलेले डगले घालून आमच्या नवरदेवाच्या घोड्यापुढे येऊन उभा राहिला. एकाच मुळाच्या दोन फांद्या. एक अटलांटिकपलीकडे जाऊन पियानोत शिरली, दुसरी थेट वरातीत.

म्हणून ‘अलबेला’ची गाणी खान्देशी बँडवाल्यांनी उचलली तेव्हा त्यांना काही परकं शिकावं लागलं नाही. बँडची मांडणी बघा. ट्रम्पेट गायकाची ओळ घेतो. क्लॅरिनेट कडव्यांमधला पीस वाजवतं, बहुतेक वेळा सिनेमात तो ज्या वाद्यावर होता त्याहून जोरकस. जाडा बाजा पहिल्या मात्रेवर, साइड ड्रम मधल्या मात्रांवर. गोव्याच्या अरेंजरने वाद्यवृंदासाठी कागदावर लिहिलेलं हे लोक कानाने उचलतात, रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावून, आणि कागदाशिवाय पाठ करतात. बँडमास्तर बोटाने खूण करतो, ‘पलट’, आणि अख्खा ताफा मुखड्यावर परततो. घोड्यापुढचे नाचे तर चौथ्या मात्रेला खांदा मोडतात. तो झोका त्यांना कुणी शिकवलेला नसतो.

धुळ्याला इतिहासकार विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी शेवटचे दिवस काढले. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते तिथेच गेले. वेदरफोर्ड शिकागो सोडून पूर्वेकडे निघाला तेच हे वर्ष. राजवाड्यांनी आपल्याला शिकवलं की दप्तराच्या चिंध्याही फेकू नका, त्यात इतिहास आहे. आमच्या बँडवाल्यांचं दप्तर मात्र कुणी गोळा केलेलं नाही. कोणती गाणी कोणत्या साली बसवली, कुणी कुणाला शिकवलं, कोणता बाजा कुठून आणला. हे सगळं तोंडी आहे आणि जुने बँडमास्तर थकत चालले आहेत. डीजेच्या भिंती आल्यापासून त्यांना कामंही कमी मिळतात. खान्देशातल्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या आणि संगीताच्या विभागांनी हे काम आता अंगावर घ्यायला हवं. एक टेपरेकॉर्डर आणि ऐकण्याची तयारी एवढ्यावर ते सुरू होऊ शकतं.

हॉटेलातलं जॅझ १९५० नंतर रोडावलं तरी पियानोवाल्यांची साखळी तुटली नाही. चाळीसच्या दशकात कलकत्त्यात जॉर्ज बँक्स या नावाने ट्रम्पेट वाजवणारे एक नेपाळी गृहस्थ होते, मूळ नाव पुष्कर बहादूर. त्यांचा मुलगा लुई बँक्स, जन्म १९४१, दार्जिलिंगचा. आज भारतातला सर्वांत परिचित जॅझ पियानोवादक तोच. कलकत्त्यात वाजवून तो मुंबईला आला, म्हणजे वेदरफोर्डच्या वाटेने उलटा. १९८८ च्या १५ ऑगस्टला दूरदर्शनवर भीमसेन जोशींच्या आवाजात सुरू होणारं ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ प्रथम लागलं. चाल अशोक पत्की यांची, संगीत संयोजन लुई बँक्स यांचं. भैरवीला एक जॅझ पियानोवाला खालून कसा उचलून धरतो, ते धुळ्या-जळगावच्या घराघरांत त्या दिवशी ऐकलं गेलं.

वेदरफोर्डच्या १९३७ च्या पॅरिसच्या बाजू आज शोधल्या तर ऐकायला मिळतात, कलकत्त्यात युद्धकाळात केलेल्या काही बाजूही मिळतात. कानाला सवय नसेल तर पहिल्या वेळी उजवा हात सोडून द्यावा आणि फक्त खालचा आवाज धरावा. दुसऱ्या वेळी वरची चाल. मग लगेच ‘अलबेला’ लावावा, आणि जमल्यास एखाद्या जुन्या पितळी बँडचं ध्वनिमुद्रण. याच क्रमाने ऐकलं तर उत्तम.